पाणपालींची खोली

जळकोट
२ एप्रिल २०२५

सुमन,

नमस्कार. माझं अक्षर बघून तू आधी हसशील, मग चुका काढशील. काढ. सातवीपस्तोर तुझ्या शेजारी बाकावर बसून, तुझ्या वहीत बघून लिवलं, म्हणून एवढं तरी येतंय. तू पुढं शिकलीस, सायन्सची बाई झालीस, रिटायर बी झालीस. मी लगीन करून जळकोटला आले ती आलेच.

फोन का केला न्हाय म्हणशील. फोन हाय माझ्याकडं. पर सूनबाई शिवांजली तो स्पीकरवर लावती आन् शेजारी भाजी निवडत बसती. पत्राला स्पीकर नसतोय. पोस्टाची अयोध्या चांगली पोरगी हाय, तुझं पत्र माझ्याच हातात दील.

आता काम सांगते. आमच्या रणधीरला झेडपीचं तिकीट पायजे. इलेक्शन कवा लागंल ते देवाला बी ठाव न्हाय, पर ह्याचे बॅनर तीनदा ऊन खाऊन पांढरे झाले. मागच्या हप्त्यात हैदराबादला गेलता, तिथनं काचंची पेटी घिऊन आला. पेटीत पाणी, पाण्यात चार पाली. पाठ काळीकुट्ट आन् पोट शेंदरावानी लालभडक. दुकानदारानं सांगितलं म्हणं, हे जपानी ड्रॅगन हायत, ज्याच्या घरी सुखानं ऱ्हातेत त्याच्या घरी सत्ता येती. ह्यानं पेटी बैठकीत मांडली. गाव रांग लावून बघायलंय आन् जाताना च्या पिऊन जायलंय.

सत्ता येईल तवा येवो, ह्यांना खायाला कोण घालणार? शिवांजली म्हणती, मला किळस येती. रणधीर म्हणतोय, आई रिकामीच असती. तवा पाली माझ्या गळ्यात. पहिल्या दिशी त्यानं नागोबासारखी दुधाची वाटी ठिवली. मग शेव टाकली. मग नळदुर्गच्या धाब्यावरनं तंदुरी आणली. एकीनं बी तोंड उघडलं न्हाय. तंदुरी रणधीरनंच खाल्ली. आज पाच दिस झाले, नुसत्या टकामका बघत्यात. मेल्या तर नाव माझंच येईल.

ह्या काय खातेत, कशात ऱ्हातेत, ते लिवून कळव. माझं बरं चाललंय. काळजी करू नको.

तुझी,
तुळजा


धाराशिव
६ एप्रिल

प्रिय तुळजे,

सप्रेम जयभीम. चुका मोजल्या नाहीत. मोजत बसले असते तर उत्तराला उशीर झाला असता आणि तुझ्या पाली तेवढं थांबल्या नसत्या.

पहिली गोष्ट, त्या पाली नव्हेत. ड्रॅगन तर नव्हेतच. त्यांना न्यूट म्हणतात. बेडकाच्या नात्यातला प्राणी, फक्त मोठेपणी शेपूट गळत नाही. आपल्या भागात त्याला नाव नाही, कारण आपल्या उन्हात तो स्वतःच्या पायांनी कधी आलाच नसता. तू पाणपाल म्हण, माझी हरकत नाही. सत्तेचं मला माहीत नाही. पण नीट सांभाळला तर हा प्राणी वीस-पंचवीस वर्षं जगतो, एवढं रणधीरला सांगून ठेव. तेवढ्या काळात चार-पाच निवडणुका होतील. एखादी तरी लागेल.

त्यांना गांडुळं लागतात. जिवंत, छोटे छोटे तुकडे करून, एक दिवसाआड. उरलेला तुकडा लगेच काढायचा, नाहीतर पाणी नासतं. नळाचं पाणी तसंच ओतू नकोस, त्यात औषध असतं. बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग वापर. पेटीत एका बाजूला खापराचे तुकडे रचून पाण्याबाहेर यायला जागा कर, त्यांना दडायलाही बरं. झाकण घट्ट हवं. आणि हात लावशील तर साबणानं धू, त्यांच्या कातडीतून विष पाझरतं. थोडंच, पण डोळ्याला लागलं तर कळेल.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. त्यांना गारवा लागतो. पाणी विसाच्या आसपास. चोविसाच्या वर गेलं की ते झुरायला लागतात. एप्रिलमध्ये जळकोटला विसाचा आकडा फक्त बसच्या तिकिटावर दिसत असेल.

सोबत कापसात गुंडाळून तापमापक पाठवते. निवृत्त होताना शाळेनं शाल आणि नारळ दिला. हा मी माझा मीच घेतला. दुपारी अडीचला घरातल्या प्रत्येक खोलीत ठेव आणि आकडे कळव. कुठं गार असेल तिथं पेटी ठेवू.

तुझी,
सुमन


जळकोट
१५ एप्रिल

सुमन,

काल तुमची जयंती जोरात झाली असंल. आमच्या हितं बी मिरवणूक निघाली, रणधीर पुढं फेटा बांधून. औंदा सगळ्याच मिरवणुकीत असतोय.

तुझ्या पाणपाली जेवल्या! शेतात खताच्या खड्ड्यात गांडुळं हायतच. तुकडे कशानं करावं कळंना. सुरीला हात लावू दिना सून. मग माझा अडकित्ता काढला. सुपारी दाताला सोसंना झाली तवापासून पडून हुता, आता त्याला काम लागलं. पहिला तुकडा टाकला तवा माझेच डोळे मिटले. उघडून बघते तर दोघी एकाच तुकड्याची दोन टोकं वढायल्यात. भावकीच दिसली मला.

झाकणाचं तू लिवलं हुतंस, पर पत्र यायच्या आधीच एक पळाली. देव्हाऱ्यातल्या तांब्यात जाऊन बसली. शिवांजली पाणी घालाय गेली आन् तांब्या थेट अंगणात. पाल जित्ती हाय. तांब्याला पोचा आलाय. आता झाकणावर जात्याची तळी ठिवलीया.

पेटीला वलं पोतं गुंडाळून म्होरं पंखा लावला तर पाणी लई उतरलं, पर पुरं उतरंना. बाटलीत बर्फ करून बी सोडते. तुझे आकडे घे. बैठक, एसी चालू असताना चोवीस, बंद असला की सदतीस. एसी पावणे आले की लावतेत. शिवांजलीची खोली तेवीस, तिनंच आतनं एसीवर बघून वराडून सांगितलं. पूर्वेची खोली, जिथं रणधीरनं ऑफिस केलंय, भिंती जाड हायत, तेहतीस. सैपाकघर एकोणचाळीस. मागची पत्र्याची खोली अडीचला चव्वेचाळीस, साडेतीनला पंचेचाळीस, सांजंला सातला एकोणचाळीस, नवाला सदतीस, पहाटं पाचला एकतीस.

मग कुठं ठिवू?

तुळजा


धाराशिव
१९ एप्रिल

तुळजे,

बाकी खोल्यांचा आकडा अडीचचाच. पत्र्याच्या खोलीचे पाच. मी काही अडीचशिवाय विचारले नव्हते.

पहाटे पाचला त्या खोलीत कोण असतं?

तुझे यजमान बलभीमराव होते तेव्हा तुझा पलंग पूर्वेच्या खोलीत होता. तूच लिहिलं होतंस की खिडकीतून कडुलिंब दिसतो. आता तिथं ऑफिस आहे म्हणतेस. म्हणजे ते गेल्यावर पलंग मागं गेला. बरोबर? तीन उन्हाळे झाले त्याला. आणि मला दर पत्रात 'बरं चाललंय'. शाळेत गृहपाठ केला नसला की तू हेच म्हणायचीस, 'बरं हाय बाई'.

मी तुला काही विचारत नाही. रणधीरला वेगळं पत्र धाडलं आहे, त्याची नक्कल सोबत आहे. वाच आणि काही माहीत नाही असा चेहरा कर. त्यातलं एकही वाक्य शास्त्राला सोडून नाही. फक्त शास्त्राला कधी नव्हे ती घाई झाली आहे.

सुमन


(नक्कल)

श्री. रणधीर बलभीम यांस,

आपल्या मातोश्रींकडून कळले की आपण चार न्यूट पाळले आहेत. अभिनंदन. तथापि सध्याच्या व्यवस्थेत ते मे महिना पाहतील असे वाटत नाही.

या प्राण्यांना दिवसरात्र सारखा गारवा लागतो. पाहुणे आले की यंत्र सुरू आणि गेले की बंद, हा प्रकार त्यांना मारक आहे. बैठकीतील टीव्ही, घोषणा व फटाके यांची कंपने त्यांना सोसत नाहीत. जाड भिंतींची, पूर्वेकडची, तळमजल्यावरची खोली उत्तम. तेथे वातानुकूलन यंत्र स्वतंत्र असावे.

देखरेख करणारे हात सारखे बदलू नयेत. दिवसभर घरात असणाऱ्या एकाच व्यक्तीने हे काम करावे व तिने त्याच खोलीत झोपावे, म्हणजे वीज गेल्यास तत्काळ बर्फाची सोय करता येते. त्यांच्या त्वचेत विष असल्याने प्रत्येक वेळी हात धुणे आवश्यक. म्हणून न्हाणीघर खोलीला लागून हवे. निरीक्षण बसून करावे लागते, तेव्हा पेटीसमोर पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी. देखरेख करणाऱ्या व्यक्तीची प्रकृती बिघडल्यास प्राणी उपाशी राहतात, याची नोंद घ्यावी.

आपली,
सुमनबाई नानासाहेब
निवृत्त विज्ञान शिक्षिका, धाराशिव


जळकोट
२४ एप्रिल

(पत्राच्या माथ्यावर छापील फोटो आणि 'भावी जिल्हा परिषद सदस्य')

आदरणीय मॅडम,

स.न.वि.वि. आपले पत्र मिळाले. इतकी बारीक माहिती आम्हाला हैदराबादच्या दुकानदाराने सुद्धा दिली नाही. आपल्यासारखी तज्ज्ञ मंडळी आपल्या जिल्ह्यात आहेत याचा अभिमान वाटतो. आपल्या पत्राप्रमाणे ऑफिस बैठकीत हलवले असून पूर्वेच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला आहे. आईला तिथेच झोपायला सांगितले आहे. ती आधी नको म्हणत होती, पण मी समजावले की आई, ड्रॅगनसाठी एवढे कर.

आमचे नेते, नळदुर्गचे इंद्रजितराव साहेब, पुढच्या महिन्यात ड्रॅगन पाहायला येणार आहेत. त्याआधी आपण एकदा पाहणी करावी ही विनंती. गाडी पाठवतो. आमच्या घरी चहाला अवश्य यावे.

आपला,
रणधीर


जळकोट
२८ एप्रिल

सुमन,

नको म्हणताना मला हसू दाबवंना. खोकला आला म्हणून तोंडाला पदर लावला.

तीन वर्सानं पाट टेकून निजले. पहिल्या राती तर थंडी वाजली, गोधडी काढली. एप्रिलात गोधडी! गुडघे बी गप हायत, न्हाणी लागूनच हाय ना. कडुलिंब दिसतोय. त्याची एक फांदी बॅनरसाठी तोडलीया, पर दिसतोय.

रणधीर दिसातनं चारदा येतोय. दारातनं इचारतोय, "आई, बऱ्या हायत का?" म्या म्हणते, "बऱ्या हायत." मग जातोय. शिवांजली बी येती, "आत्या, त्यांना गार लई तर झालं न्हाय ना?" एवढी इचारपूस मला न्युमोनिया झालता तवा बी झाली न्हाय. वाईट वाटाय पायजे, पर सुमन, खरं सांगू? गारव्यात वाईट सुदिक कमी वाटतंय.

तू ये. रणधीर गाडी धाडतो म्हणलाय. लई वर्सं झाली, माझ्या घरला ये.

तुळजा


धाराशिव
३ मे

तुळजे,

तुझ्या मुलाचं निमंत्रण मिळालं. चहाला बोलावलं आहे.

तुझ्या घरी मी एकदा चहा प्यायले आहे. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी मास्तरकीच्या कॉलेजात होते, सुट्टीत तुला भेटायला आपल्या बेंबळीहून आले. तुझ्या सासूबाईंनी मला अंगणात बसवलं. गोठ्याच्या कोनाड्यातून एक कप काढला, कान तुटलेला. चहा वरून ओतला, आणि पिऊन झाल्यावर तो मीच धुऊन परत कोनाड्यात ठेवला. तू उंबऱ्यात उभी होतीस. मी तुझ्याकडं पाहिलं आणि तू कडुलिंबाकडं.

आता त्याच घरात अंगाला विष असलेल्या चार जनावरांना एक दिवस ठेवलेलं पाणी, स्वतंत्र खोली आणि दीड टनाचा गारवा आहे. शास्त्र म्हणून मी लिहिलं खरं, पण लिहिताना मला कप दिसत होता. मला वाटलं होतं मी विसरले आहे.

मी येणार नाही. पालींची काळजी घे. आणि स्वतःची.

सुमन


जळकोट
२४ मे

सुमन,

तीन हप्ते पत्र लिवलं न्हाय. काय लिवू? चारदा कागद घेतला आन् ठिवला.

आधी कपाचं. तू लिवलंस ते सगळं खरं. मी सासूला भ्याले. ते वय भ्यायचंच हुतं, असं म्या मनाला सांगितलं. पर सासू मरून वीस वर्सं झाली. मग कुणाला भीत हुते? मालकांनी कवा आडवलं न्हाय. तुला बोलवाय माझा हात कुणी धरला नव्हता. ते माझं मीच केलं. त्याला कायबी कारण न्हाय. म्या माफी मागितली म्हणून तू मोकळी होशील असं बी न्हाय, तरी मागते.

आता हितलं ऐक. अठरा तारखंला इंद्रजितराव साहेब आले. सहा गाड्या, शंभर माणूस. खोलीत मावतील तेवढे घुसले, बाकीचे खिडकीतनं. रणधीर हात जोडून सांगाय लागला, साहेब, हे जपानचे, साहेब, हे सत्तेचे. पाणपाली खापराखाली दडल्या, एक बी बाहीर यीना. साहेब वाकून वाकून दमले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"काकू, खोली मस्त गार हाय. तुमची व्हय?"

आदल्या दिशीच तुझं कपाचं पत्र परत वाचलं हुतं. उंबऱ्यात उभी राहून कडुलिंबाकडं बघणारी बाई मला दिसाय लागली. म्या साहेबांकडं बघितलं.

म्हणलं, "न्हाय साहेब. खोली ह्यांची. मी ह्यांच्याकडं ऱ्हाते."

"म्हंजी?"

"ह्यांच्या आधी मी मागं पत्र्यात हुते. ह्या आल्या आन् ह्यांनी मला आत घेतलं. पत्र्यातली गरमी आकड्यात लिवून ठिवलीया. वाचू का?"

खिडकीतली माणसं हसाय लागली. कुणीतरी मोबाईल वर धरला. साहेब बी हसले, पर त्यांचं हसू निम्म्यातच थांबलं. रणधीरचं तोंड कसं झालं ते सांगत न्हाय, माझं लेकरू हाय शेवटी.

दुसऱ्या दिशी सकाळीच त्यानं पेटी उचलली. तू त्याला धाडलेला कागद, अडकित्ता, गांडुळाचा डबा, समदं साहेबांना भेट म्हणून दिलं. मला इचारलं बी न्हाय. चारी जणींना म्या नावानं वळखत हुते सुमन. गाडीत ठिवताना पाणी हिंदकळलं, तवा मीच पुढं होऊन झाकण धरलं.

मग म्हणतोय, "आई, आता ऑफिस परत आत घ्यायचंय. तुझं सामान मागं नेतो."

म्या म्हणलं, "रणधीर, पत्र्याची खोली आता तालुक्याला ठाव झालीया. मोबाईलवर फिरायली. मी परत तिथं गेले तर लोक मोजाय येतील."

म्या माझी वळकटी घेतली आन् बैठकीत सोफ्यावर टाकली, त्याच्या ऑफिसच्या टेबलापुढं. त्याची कार्यकर्ती पोरं आली की म्या म्हणायची, "बसा, मी जरा पाय लांब करते." तिथंच तेल लावलं गुडघ्याला. तिथंच जप केला. नेमका सोलापूरचा पत्रकार आला तवा तिथंच निजले. चौथ्या दिशी शिवांजलीनंच माझा पलंग पूर्वेच्या खोलीत वढत नेला. एसी तसाच हाय. रणधीर धा दिस बोलंल न्हाय. मग बोलंल. तिकिटाचं अजून ठरलं न्हाय.

तू ये. गाडी नको, मी धाडत न्हाय. तू तुझ्या एसटीनं ये. बैठकीत बसू. च्या मी करीन, कप तू निवड. न्हाय आलीस तरी मला कळंल.

तुळजा


धाराशिव
२९ मे

तुळजे,

सून चैताली म्हणते, आई, एवढ्या उन्हात जाऊ नका. मुलगा धम्मपाल म्हणतो, मी सोडतो. मी दोघांना गप्प केलं आहे.

शनिवारी येते. जळकोट फाट्यावर साडेअकराला उतरेन. माफ केलं असं समजू नकोस, ते अजून ठरायचं आहे. मी पेपर तपासायला नेहमीच वेळ घेते. पण तू साहेबांकडं बघून बोललीस. त्याचे मार्क वेगळे.

साखर कमी घाल, मला शुगर आहे.

सुमन


नळदुर्ग
१४ जून

सुमनबाई यांना नागूबाईचा नमस्कार.

तुमी मला वळखत न्हाय. मी इंद्रजितची आई. त्या चार जनावरांसंगं जो कागद आला त्यावर तुमचं नाव आन् पत्ता हुता, म्हणून लिवते. कितीकांना शिकवलं असंल तुमी, तुमचं अक्षर बघा कसं रेखीव.

कागद म्या दोनदा वाचला. पहिल्यांदा जनावरांसाठी. दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं. त्या जळकोटच्या बाईंनी खोलीचं सांगितलं, ते इंद्रजितनं घरी येऊन आमाला सांगितलं हुतं. हसत हसत. मग जेवताना निम्मं ताट ठिवून उठला.

तर जनावरं आता माझ्या खोलीत ठिवलीत, कागदात लिवल्याप्रमाणं. खातेत चांगलं. एकीनं कात टाकली आन् तीच गिळली. अडकित्त्याचं कळलं न्हाय आधी, मग कळलं.

माझं गाऱ्हाणं जळकोटच्या बाईंसारखं न्हाय. मला एसी हाय, पलंग हाय, पाय दाबाय दैवशाला नावाची बाई हाय. कशाला बी कमी न्हाय. इंद्रजित रोज सांजंला पाव्हणे घिऊन जनावरं बघाय येतोय. काचंपुढं वाकतोय, पाव्हण्यांना दाखवतोय, माझ्या पलंगाला वळसा घालून जातोय. चार महिने झाले, माझ्यासंगं बसून बोलला न्हाय. इलेक्शन झालं की बोलंल म्हणतेत. इलेक्शन तर लागंना.

म्हणून इनंती करते. कागदात एक कलम वाढवा. मालकानं रोज सांजंला अर्धा तास, एकट्यानं, फोन बाहीर ठिवून, देखरेख करणाऱ्या बाईशेजारी बसावं, त्याबिगर जनावरांना जेवण पचत न्हाय, असं कायतरी. तुमाला बरोबर शब्द येतेत.

शास्त्रात बसत असलं तर बसवा. नसलं बसत तरी बसवा.

नागूबाई